दोन सरासऱ्यांची बेरीज आणि बायकांचे रक्त

या आठवड्यात थोडे गणित. वाचकहो, घाबरू नका, चौथीतल्या मुलाला येईल इतकेच आहे. मला मात्र ते ऐन वेळी आले नाही, म्हणून हा लेख.

दिवाळीनंतर आम्ही स्त्रियांसाठी हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर घेतले. महाविद्यालयातील ३० विद्यार्थिनी आल्या, आणि वाडीवरच्या शेतमजुरी करणाऱ्या ९० बायका. (हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत.) विद्यार्थिनींची सरासरी निघाली १२.६ ग्रॅम, वाडीवरची १०.२. अहवाल लिहिणाऱ्या मुलाने दोन्हींची बेरीज करून निम्मे केले आणि लिहिले, 'एकूण सरासरी ११.४'. मी सही ठोकली.

आमच्या सिस्टर कागद वाचून म्हणाल्या, "डॉक्टर, तीस पोरी आणि नव्वद बायका, दोघींना सारखंच वजन कसं?"

बरोबर होते त्यांचे. पेलाभर गोड चहा पातेलंभर बिनसाखरेच्या चहात ओतला, तर गोडी निम्मी राहत नाही; पातेले मोठे, त्याचीच चव वरचढ. म्हणून आधी प्रत्येक गटाची संख्या त्या गटाच्या सरासरीने गुणायची. तीस गुणिले १२.६ म्हणजे ३७८. नव्वद गुणिले १०.२ म्हणजे ९१८. बेरीज १,२९६. तिला एकूण १२० जणींनी भागले की येते १०.८. नुसते निम्मे करणे चालते ते दोन्ही गटांत माणसे सारखी असतील तरच.

अर्ध्या-पाऊण ग्रॅमने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, आणि ८ च्या खाली तीव्र. या पायऱ्या एकेका व्यक्तीसाठी आहेत, गटाच्या सरासरीसाठी नव्हेत. पण अहवाल वाचणारा त्याच नजरेने वाचतो. ११.४ पाहून तो म्हणणार, 'सौम्य आहे, बघू पुढे.' लोहाच्या गोळ्या वाडीवर कधी पोहोचणार, ते अशा 'बघू'वर ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा बघत बसण्यासारखे काही नाही.

आम्ही अहवाल दुरुस्त केला, आणि दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळेही लिहिले. कारण नीट काढलेली सरासरीसुद्धा बरेच लपवते. त्या नव्वदांत एका बाईचे हिमोग्लोबिन ६.९ होते. जिना चढताना धाप लागते, हे ती 'वयामुळे' समजत होती. वय अवघे चौतीस. तिला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवले. शिबिरात रक्त दिलेत तर गावाची सरासरी विचारू नका, स्वतःचा आकडा कागदावर लिहून मागा.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळी होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नये.

तीन महिन्यांनी वाडीवर पुन्हा तपासणी आहे. त्या वेळी नव्वदांपैकी किती जणी आल्या, हे सिस्टर आधी मोजणार आहेत, मग सरासरी.