भोपळा मिळो!

आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणायची सोय नाही, ‘येतो’च म्हणायचं. तोंडातून निघालेला शब्द कुठेतरी जाऊन रुजतो, ही धास्ती मराठी माणसाच्या हाडीमाशी खिळलेली आहे. म्हणून ज्यूंच्या नववर्षाच्या ताटाची गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. त्या ताटातल्या भाज्या चवीसाठी निवडलेल्या नसतात, ऋतूसाठीही नसतात. त्या निवडतात नावासाठी.

या सणाला हिब्रूत ‘रोश हशाना’ म्हणतात, म्हणजे वर्षाचं डोकं. तो तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला सुरू होतो आणि दोन दिवस चालतो. त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच चंद्राच्या चालीने महिने मोजतं आणि सूर्याशी मेळ राखायला 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतं. त्यामुळे हा सण पुष्कळदा आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे पडतो. 2025 साली 22 सप्टेंबरला सकाळी इकडे घट बसले आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर तिकडे 5786वं वर्ष लागलं.

आता ताट. चौथ्या शतकात बाबिलोनियात, युफ्रेटिसच्या काठी पुंबेदिता इथे ज्यूंची मोठी विद्यापीठवजा पाठशाळा होती. तिथला प्रमुख आचार्य अबाये. शकुनाला काही अर्थ असतो असं मानत असाल, असं म्हणून तो वर्षारंभासाठी पाच गोष्टी सुचवतो: भोपळा, रुबिया, लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी), बीटचा पाला आणि खजूर. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात त्याचं हे म्हणणं दोनदा येतं. एका ठिकाणी त्या ‘पाहाव्यात’ असं आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘खाव्यात’ असं. (ज्यूंच्या पोटाने कोणता पाठ स्वीकारला हे सांगायला नको.) का, ते अबाये सांगत नाही. या भाज्या झपाट्याने वाढतात, फळं गोड असतात, असा अंदाज नंतरच्या टीकाकारांनी केला. पण लोकांच्या जिभेला त्यात वेगळंच काही सापडलं.

लीकला अबायेच्या अरमाईक भाषेत ‘कार्ती’ म्हणतात, आणि हिब्रूत ‘कारत’ म्हणजे कापून टाकणं. म्हणून लीक खाताना म्हणायचं, आमचे वैरी कापले जावोत. बीटचा पाला ‘सिल्का’, तर वैऱ्यांचं ‘सिलूक’ होवो, ते दूर होवोत. खजूर ‘तामार’, तर ते ‘यित्तामू’, संपून जावोत. पाचांतले तीन पदार्थ वैऱ्यांच्याच वाट्याला गेलेले पाहून हसू येतं, आणि मग या समाजाचा इतिहास आठवून ते विरतं. रुबिया मात्र आपल्यासाठी. ‘यिर्बू’ म्हणजे वाढोत, आमची पुण्यं वाढोत. ही रुबिया नक्की कोणती यावर दोन घराणी आहेत. फ्रान्समधला अकराव्या शतकातला भाष्यकार राशी तिला मेथी म्हणतो, आणि अरबी मुलखातले ज्यू म्हणतात ही लुबिया, म्हणजे आपली चवळी.

उरला भोपळा. त्याचं नाव ‘कारा’. तेवढ्यावर दोन श्लेष आहेत: आमच्याविरुद्धचा निकाल फाडला जावो, आणि आमची पुण्यं वाचली जावोत. फाडणं आणि वाचणं या दोन्ही क्रियापदांचा आवाज ‘कारा’शी जुळतो. मी इथे थबकले. कारण मराठीत हाच भोपळा परीक्षेत मिळतो! आमच्या पापांना भोपळा मिळो, असं म्हणत लाल भोपळ्याची फोड उचलली तर पुंबेदिताच्या आचार्यांना ती नक्की पटली असती.

हा पोरकटपणा नव्हे. पोलंडातल्या कालिश गावचा अव्राहम गोम्बिनर नावाचा सतराव्या शतकातला धर्मशास्त्री होता. ‘मागेन अव्राहम’ या आपल्या ग्रंथात तो सांगतो की ज्या देशात ज्या भाजीच्या नावातून वाढीचा अर्थ निघतो, त्या देशाने ती भाजी खावी, ज्याने त्याने आपापल्या भाषेप्रमाणे. धर्मशास्त्राने स्वयंपाकघराला आणि मातृभाषेला एकाच वेळी दिलेली अशी मोकळीक मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिचं फळ पोलंडातच दिसतं. तिथल्या ज्यूंच्या यिद्दीश भाषेत गाजराला ‘मेरन’ म्हणतात, आणि ‘मेरन’ म्हणजेच वाढणं. बाबिलोनच्या यादीत नसलेलं गाजर त्या एका शब्दावर ताटात शिरलं. मधात किंवा साखरेत शिजवलेल्या त्याच्या गोल चकत्या सोन्याच्या नाण्यांसारख्या दिसतात, हा वरचा नफा. त्या गोड गाजराला ‘त्सिमेस’ म्हणतात. अमेरिकेत गेलेल्यांनी इंग्रजीलाही सोडलं नाही. लेट्यूसच्या पानावर बेदाणा आणि सेलरीचा दांडा ठेवायचा आणि तिन्ही नावं भरभर म्हणायची: ‘लेट अस रेझ सॅलरी’. पगारवाढ! इराणी ज्यूंकडे जनावराचं फुप्फुस खायची चाल होती, कारण ते हलकं असतं, तशी पापं हलकी व्हावीत. आता फुप्फुस मिळणं अवघड, म्हणून काही घरांत त्याच्या जागी चक्क पॉपकॉर्न येतं.

श्लेष पुरले नाहीत तर आकडे आहेत. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. अक्रोडाला ‘एगोझ’ म्हणतात, त्याची बेरीज 17. पापाला ‘हेत’ म्हणतात, त्याची बेरीज 18, पण त्यातलं शेवटचं अक्षर मुकं आहे, ते सोडलं की 17. झालं, अक्रोड बाद. क्राकोच्या मोशे इसेर्लेस यांनी सोळाव्या शतकात हे नोंदवलं, आणि लगेच एक व्यवहारी कारणही जोडलं की अक्रोडाने घशात कफ साठतो आणि प्रार्थना म्हणताना अडखळायला होतं.

या यादीवर नवा पदार्थ रचायचा तर तीन कुंपणं सांभाळावी लागतात. मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही, म्हणजे मटण असलं की दही, तूप, लोणी बंद. मासा पर आणि खवले असलेलाच हवा: पापलेट, बांगडा, रावस चालतात, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. आणि सणाच्या दोन दिवसांत नवा विस्तव पेटवायचा नाही, आधीच पेटलेल्यावर शिजवता येतं. पूर्वी चुलीत निखारे राखत, तसंच.

आता कोकणातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. दुधाला पर्याय? नारळ आहे. भोपळा, चवळी, मेथी, खजूर सगळं बाजारात. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं असं परंपरेने सांगणारे बेने इस्रायल ज्यू इथेच तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात या समाजाने सणांना दिलेली मराठी नावं आहेत, आणि ती वाचताना भूक लागते. एक खिरीचा सण आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन, तो बिरड्याचा रोजा. आणि रोश हशाना म्हणजे नव्याचा सण.

नव्याच्या सणाचा मानाचा पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. कुरडया घालणाऱ्या घरांना यातलं अर्धं काम पाठ आहे: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. पुढे वाट बदलते. चीक नारळाच्या दुधात साखर घालून मोठ्या पातेल्यात शिजतो, आणि तो कडा सोडेपर्यंत घोटत राहावं लागतं. हात भरून येतात, आळीपाळीने माणसं बसतात. मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते. (क्राकोचा अक्रोड इथे कुणाला आडवा आलेला नाही.) दुधाचा थेंब नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतरही चालतो. आता बरेच जण चिकाऐवजी चायना ग्रास वापरतात. वेळ वाचतो, पण दाताखालचा तो चिवटपणा जातो.

या ताटाला मी काय जोडीन? आधी येमेनी ज्यूंची ‘हिलबे’. मेथीची पूड रात्रभर पाण्यात ठेवायची, वरचं कडू पाणी ओतून द्यायचं आणि उरलेला गोळा जोराने घोटायचा. मेथीतला चिकट अंश पाणी धरतो, हवा धरतो, आणि पिवळसर लगदा पांढरा, फुललेला फेस होतो, दुपटीतिपटीने. ‘यिर्बू’ म्हणजे काय, हे भांड्यातच दिसतं. त्यात हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर गेली की ती आपलीच चटणी. मग तुर्कस्तानातल्या सेफार्दी ज्यू घरांची ‘केफ्तेस दे प्रासा’, लीक उकडून, घट्ट पिळून, बटाटा आणि अंडं घालून तळलेल्या टिक्क्या. लीक मिळाली नाही तर पातीचा कांदा, पण पिळायचा अगदी कोरडा, नाहीतर तेलात टिक्की फुटते. भोपळ्याचं भरीत दह्याऐवजी घट्ट नारळाच्या दुधात. आणि पापलेटचं डोकं, कारण या सणाचं मागणंच आहे की वर्षभर आपण डोकं व्हावं, शेपूट नको. डोक्यावरून पंगतीत भांडण लावणाऱ्या कोकणाला हे वेगळं समजवायला नको.

श्लेषासाठी तर मराठीला भाजीही लागत नाही. रुबियाचा अख्खा अर्थ, वाढो, आपल्या डावातच आहे. पानावर अन्न घालण्याला आपण वाढणं म्हणतो.

दुसऱ्या रात्री एक नवं फळ लागतं, त्या मोसमात अजून न चाखलेलं. या दोन दिवसांना शास्त्र एकच लांब दिवस मानतं, मग नव्या गोष्टीसाठी म्हणायचा आशीर्वाद दुसऱ्या रात्री पुन्हा म्हणायचा की नाही, असा पेच होता. तो सुटावा म्हणून समोर खरोखरच काहीतरी नवं ठेवतात. पुष्कळ घरी डाळिंब असतं. त्यात ज्यूंच्या धर्मशास्त्रातल्या आज्ञांइतकेच 613 दाणे असतात म्हणे, मोजलं तर आकडा फळागणिक बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे सीताफळं नुकती उतरलेली असतात. एक पिकलेलं पहिल्या दिवशीच घ्यायचं, टोपलीत झाकून ठेवायचं, आणि त्याच्या वासाने पोरं घुटमळायला लागली तरी दुसऱ्या रात्रीपर्यंत हात लावू द्यायचा नाही.