दंड भरला, नोंद राहिली

सकाळी ७.३०. खानापूरची बस यायच्या आत जांबोटीच्या स्टँडवरच एक अशील गाठतो. जत्रेतल्या जुगाराच्या धाडीत पूर्वी सापडलेला. आता गोव्यातल्या नोकरीसाठी पोलिसांचा दाखला हवाय, आणि तिथे ते प्रकरण निघालंय. "दंड भरलो की ओ वकीलसाहेब, आणि काय राहिलंय?"

९.३०. ऑफिसात त्याच्या निकालाची नक्कल काढतो. सगळा मजकूर कन्नडमध्ये, गुन्हा कबूल असल्याचा जबाबही, आणि त्याखाली त्याची सही मराठीत. काय लिहिलंय ते त्याला आज पहिल्यांदाच कळतं. हेलपाटे वाचावेत म्हणून माणसं कबूल होतात. कबुलीनंतरचा दंड हीसुद्धा शिक्षाच, हे त्यांना कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

११. कोर्ट. जळणाच्या लाकडाची केस, आरोपीचा पहिलाच गुन्हा. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ३ लावून समज देऊन सोडावं, अशी विनंती करतो. कलम १२ मुळे मग दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही. हुकूम पुढच्या तारखेला.

२. नकलांचे अर्ज, जेवण.

३. सरकारी नोकरीचा फॉर्म घेऊन एक मुलगा येतो. सीमाभागातली मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या फेरीत घोषणा दिल्याबद्दल त्याला दंड झालाय. "लपवू काय?" लपवू नकोस. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने तरुण वयातल्या घोषणाबाजीचंच उदाहरण दिलंय: एवढ्या किरकोळ शिक्षेची माहिती दडवली असली तरी नेमणूक करणारा ती चूक माफ करू शकतो. पण तो त्याच्या मर्जीचा भाग. खरं लिहिणाऱ्याची बाजू केव्हाही भक्कम.

५. सकाळच्या अशिलासाठी बेळगावच्या सेशन्स कोर्टातलं रिव्हिजन लिहायला घेतो. मुदत ९० दिवसांची, ती केव्हाच उलटली. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल. प्रोबेशन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तिथेही प्रोबेशन मागता येतं. मिळेलच असं मी त्याला सांगितलेलं नाही.

७.३०. घरी पोचतो तोच एका आईचा फोन. तिच्या १५ वर्षांच्या मुलावरही केस झालीय. तिला धीर देतो: बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर अशा मुलाची नोंद नष्ट करायची असते. मोठ्यांसाठी आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही. तो व्हायला हवा. तोवर एवढं करा: दंड कितीही किरकोळ असो, कबूल होण्याआधी वकिलाला प्रोबेशनबद्दल विचारा.