जुन्या ठिबक संचाला नवा व्हॉल्व्ह बसविताना

खानदेशातील केळी बागायतदारांना ठिबक सिंचन नवीन नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगाव जिल्ह्यातील बागांत हे संच बसू लागले. रावेर, यावल, चोपड्यापासून धुळे जिल्ह्यातील शिरपूरपर्यंत अनेक शेतांत ठिबकच्या नळ्या बदलल्या जातात, पण जमिनीतील पीव्हीसी पाइप जुनेच राहतात. अशा संचात उपमुख्य वाहिनीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह वारंवार त्रास देतो.

थोडी गळती आहे म्हणून आपण दुर्लक्ष करतो. ते पाणी एकदा बादलीत धरून पाहावे. १५ लिटरची बादली ५ मिनिटांत भरली, तर ६ तासांत १,०८० लिटर पाणी वाया जाते. मे महिन्यात वाढलेल्या केळीच्या झाडाला रोज २० लिटर पाणी धरले, तर हे ५४ झाडांचे पाणी झाले. पूर्ण बंद न होणारा व्हॉल्व्ह त्याहून वाईट. बंद भागात पाणी शिरत राहते, चालू भागाचा दाब घटतो आणि शेवटच्या ओळीतील झाडे उपाशी राहतात. निसवणीच्या व घड भरण्याच्या काळात हे परवडणारे नाही.

आधी कारण शोधा

विहिरीच्या पाण्यातील बारीक वाळूने व्हॉल्व्हच्या आतील गोळा व त्याची बैठक घासली जाते. म्हणून प्रथम फिल्टरची जाळी तपासावी. ती फाटलेली असेल, तर नवा व्हॉल्व्हही लवकरच तसाच होईल. क्षारांमुळे मूठ घट्ट झाली असल्यास तिला पाइप अडकवून जोर लावू नये. आतील दांडी तुटते.

माप बरोबर घ्या

पीव्हीसी पाइपचे माप बाहेरच्या व्यासाचे व मिलिमीटरमध्ये असते, तर व्हॉल्व्हच्या आट्यांचे माप इंचात असते. येथेच गफलत होते. ५० मि.मी. पाइपला दीड इंची, ६३ मि.मी.ला २ इंची, ७५ मि.मी.ला अडीच इंची व ९० मि.मी.ला ३ इंची व्हॉल्व्ह लागतो. पाइपवरील छपाई पुसली असल्यास पाइपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. ती सुमारे १५७ मि.मी. भरल्यास पाइप ५० चा, १९८ भरल्यास ६३ चा, २३६ भरल्यास ७५ चा व २८३ भरल्यास ९० चा समजावा. शक्यतो दोन्ही बाजूंना युनियन असलेला व्हॉल्व्ह घ्यावा. पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही.

बसविण्याची पद्धत

१) पाणी देऊन झाल्यावर संध्याकाळी काम धरावे. पंप बंद करून फ्लश व्हॉल्व्ह उघडावा व पाइप रिकामा करावा.

२) दोन्ही बाजूंची ३-४ फूट माती मोकळी करावी. उन्हात राहिलेला पाइप ठिसूळ होतो. तेवढा भाग सोडून चांगल्या भागावर काटकोनात काप घ्यावा. कापाची कड घासून गुळगुळीत करावी.

३) व्हॉल्व्हच्या जोडणीची पूर्ण लांबी मोजावी. दोन्ही टोकांना पाइप जेवढा आत शिरतो ती लांबी वजा करून तेवढीच जागा ठेवावी.

४) बाहेरील आट्यांवर टेफ्लॉन टेपचे ४-५ वेढे, टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्यावेत. लोखंडी पाइपला वापरतो तसा ताग व रंग येथे वापरू नये. प्लॅस्टिकचे आटे फुगून तडकतात. जोड हाताने आवळून नंतर फक्त एक ते दीड वेढा द्यावा. आट्यांचे जोड आधी पूर्ण करावेत, पाइपला चिकटविण्याचे काम नंतर करावे.

५) पाइप पुसून कोरडा करावा. दोन्ही पृष्ठभागांवर सोल्युशनचा पातळ थर द्यावा, पाव वेढा फिरवत पाइप आत सारावा व अर्धा मिनिट दाबून धरावा. सोल्युशन पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडी नको.

६) २४ तास दाब देऊ नये. बागेला एकच पाळी चुकते. घाई केल्यास जोड निसटून पुन्हा खोदावे लागते.

चाचणी

पहिले पाणी फ्लश व्हॉल्व्ह व नळ्यांची टोके उघडी ठेवून सोडावे. नाहीतर कापताना पडलेला चुरा ड्रिपरमध्ये अडकतो. नंतर टोके बंद करून पहिल्या व शेवटच्या ओळीतील ड्रिपरखाली भांडे ठेवावे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून १५ मिनिटांत १ लिटर पाणी मिळाले पाहिजे. दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल, तर दाब किंवा गळती पुन्हा तपासावी.

यापुढे पाळी बदलताना पुढच्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडावा आणि मगच चालू भागाचा सावकाश बंद करावा. सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले, तर वाढलेल्या दाबाने जुन्या पाइपचा सर्वांत कच्चा जोड आधी सुटतो. उन्हाळा तोंडावर येण्यापूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीतच सर्व व्हॉल्व्ह एकदा उघडून-मिटून पाहावेत व योग्य मापाचा एक व्हॉल्व्ह घरात शिल्लक ठेवावा.