जुना भाग कोणत्या इंजिनाचा?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला; पण येथील काळ्या मातीच्या वाटांना जीपगाडीची ओळख त्याच्या कितीतरी आधीची आहे. पावसाळ्यात जेथे बैलगाडीचे चाक रुतून बसे, तेथून ही लहानशी गाडी चारही चाकांचे बळ लावून, चिखल उडवीत निघून जाई. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक आपल्या देशात विकल्या गेल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि मग ती गाडी खेडोपाडी पोहोचली.

आता त्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या इंजिनातील एखादा भाग झिजला, की मालक जुनी दुकाने धुंडाळू लागतो. एखाद्या दुकानाच्या माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेला आणि ग्रीसने माखलेला, कधीही न वापरलेला भाग पडून असतो. पण खोक्यावरील चिठ्ठी उंदरांनी कुरतडलेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोके एकाचे आणि आतला माल दुसऱ्याचाच असतो! दुकानदार म्हणतो, “जीपचाच असेल, घेऊन जा.” मुलांनो, अशा वेळी चिठ्ठीपेक्षा लोखंडाची साक्ष अधिक विश्वासाची असते. ती कशी काढावी, ते पाहू.

समजा, तुमच्या हाती एक पिस्टन आला. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली होणारा दट्ट्या. तो प्रथम रॉकेलने धुऊन मऊ फडक्याने पुसावा. काचकागदाने घासण्याचा मोह मात्र टाळावा. कारण ज्या बारीक खुणा वाचायच्या, त्याच घासण्याने नाहीशा होतात. मग व्हर्नियर कॅलिपरने त्याचा व्यास मोजावा. हे माप डोक्यापाशी घेऊ नये. डोक्याकडची बाजू जास्त तापते व फुगते, म्हणून ती मुळातच थोडी बारीक ठेवलेली असते. खालच्या बाजूस, पिनेच्या भोकाशी काटकोन करून माप घ्यावे.

माप सुमारे ७९.३ मिलिमीटर भरले, असे धरा. आकडा मोठा ओबडधोबड वाटतो. पण तोच इंचांत मांडून पाहा: सव्वातीन इंचांना अष्टमांश इंच कमी, म्हणजे ३.१२५ इंच. पिस्टन सहज सरकावा म्हणून तो नळकांड्याहून केसभर लहान असतो, तेवढाच काय तो फरक. जीपच्या चार नळकांड्यांच्या इंजिनाचा व्यास हाच आहे. याउलट पिस्टन ६८ मिलिमीटरच्या आसपास भरला, तर तो जीपचा नव्हे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० या गाडीचे, म्हणजेच पुढे पद्मिनी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या गाडीचे, ते माप आहे. ही पद्मिनी काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. अमेरिकन कारागीर इंचांत विचार करी, इटालियन कारागीर मिलिमीटरमध्ये. दोघांची भाषा त्यांच्या लोखंडात उतरली आहे.

पिस्टनच्या माथ्यावर कधी ०२० असा ठसा आढळतो. नळकांडे झिजल्यावर ते कातून मोठे करतात आणि त्यात तितकाच मोठा पिस्टन घालतात. हा पिस्टन मूळ मापाहून एका इंचाच्या हजार भागांपैकी वीस भाग मोठा आहे, असा त्या ठशाचा अर्थ. गंमत अशी, की हाच आकडा बेअरिंगवर असला, तर अर्थ उलटतो. तेथे क्रँकशाफ्ट घासून तितका बारीक केलेला असतो, म्हणून बेअरिंगचे कवच जाड असते. हे न समजता नव्या क्रँकशाफ्टवर ०२० चे बेअरिंग बसवू गेल्यास तो फिरणारच नाही. आणि बारीक केलेल्या क्रँकशाफ्टवर मूळ मापाचे बेअरिंग बसविले, तर फट मोठी राहते, तेलाचा दाब उतरतो व इंजिन ठोके देऊ लागते. वेळीच थांबले नाही, तर बेअरिंगबरोबर क्रँकशाफ्टही जातो.

मापावर सारे भागते असेही नाही. जीपच्या जुन्या इंजिनात आत घेणारी व बाहेर सोडणारी, अशा दोन्ही झडपा खालच्या ठोकळ्यात असत. नंतरच्या इंजिनात आत घेणारी झडप वरच्या झाकणात गेली. नळकांड्याचा व्यास मात्र दोहोंचा एकच! म्हणून झाकण हाती आले, तर ते उलटे करून पाहावे. त्यात झडपांच्या बैठका असतील, तर ते नंतरच्या इंजिनाचे.

अक्षरांचीही मदत होते. युद्धकाळात फोर्डने आपल्या पुष्कळ भागांवर, कित्येक बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, वळणदार ‘एफ’ उमटविला होता. तेव्हा तो दिसला, तर इतिहासाचा एक तुकडाच हाती आला समजा.

सर्वांत फसवा असतो तो साधा बोल्ट. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आठ मिलिमीटरच्या बोल्टाशेजारी ठेवला, तर डोळ्यांना भेद कळत नाही. पण आटे निराळे असतात. तो एकदोन फेरे आत जातो आणि अडतो. उतावळा माणूस पान्याला जोर लावतो व इंजिनातील आटे कायमचे बिघडवितो. जाणता मिस्त्री मात्र तेथेच हात आखडतो, बोल्ट काढतो आणि आटे मोजण्याची पट्टी मागवितो.

आणखी एक गोष्ट. ग्रीसमध्ये जपलेले लोखंड पन्नास वर्षे टिकेल, पण रबराचे तसे नाही. खोके अगदी कोरे असले, तरी आतील रबरी सील कडक होऊन चिरलेले असते. असा भाग नमुना म्हणून ठेवावा. इंजिनात घालू नये.

ही सारी खटपट हौसेपुरती नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी खास नियम केले. त्यांनुसार गाडी मूळ स्वरूपात राहिली पाहिजे. इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. म्हणून ओळख पटलेल्या भागाला मिस्त्री पुन्हा तेल लावतो, नवा मेणकागद गुंडाळतो आणि दोऱ्याने एक पुठ्ठा बांधतो. त्यावर माप, ते इंचांत की मिलिमीटरमध्ये, आणि भाग कोणत्या इंजिनाचा, हे शाईने लिहिलेले असते.