कोरेगावचे शिपाई : माती, रंग आणि नावे

दिवाळीच्या तोंडावर सिल्लोडच्या बाजारात किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे येतात; साच्यातून काढलेले, गुलाबी गालांचे, सगळे एकसारखे. त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु वसतिगृहातील मुलांनी एकदा विचारले, ‘कोरेगावचे शिपाई का मिळत नाहीत?’ तेव्हा ते आपणच घडवावेत असे ठरले.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली कंपनीचे सुमारे ५०० पायदळ शिपाई, पुणे घोडदळाचे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा एवढेच बळ होते. शिरूरहून रात्रभर चालून आलेली ही तुकडी कोरेगावात दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली. स्तंभावर कंपनीच्या ४९ मृतांची नावे आहेत. त्यांपैकी २२ ‘नाक’ने संपतात. त्या काळचे महार शिपाई याच प्रत्ययाने ओळखले जात. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे नाव बापाच्या नावासह दगडावर कोरले जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे अभिवादनास गेले, त्यामागे हे नावांचे मोल होते असे आम्हांला वाटते.

घडविण्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. शाडूच्या मातीत थोडा कापूस कुटून घालावा, म्हणजे हातपाय तडकत नाहीत. वीतभर उंचीची आकृती सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली की भेगा पडल्याच. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा अस्तर-हात द्यावा, मग पातळ रंगाचे दोन हात. एकच जाड हात दिला, तर कोटाच्या चुण्या बुजतात. शेवटी पाण्यात विरघळविलेला गडद तपकिरी रंग वरून सोडावा. तो खाचांत उतरतो आणि आकृतीला खोली येते. छातीवरचे पांढरे आडवे-तिरपे पट्टे आणि डोळे मात्र बारीक ब्रशने, श्वास रोखून.

कोटाचा लाल रंग बाटलीतून जसाच्या तसा घेऊ नये. इंग्रजी फौजेत साध्या शिपायाच्या कोटाचे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवीत. ते विटकरीकडे झुकणारे असे. आम्ही लालमध्ये गेरू मिसळतो. चेहऱ्याला गुलाबी रंग वर्ज्य; मुलांनी आपलाच हात शेजारी धरून रंग जुळवावा. ओठांच्या कडेला काळा ठिपका द्यावा, कारण बंदूक भरताना कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे आणि दारू तोंडाला लागे. हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती आमच्या एकाही व्याख्यानाने पसरली नव्हती.

बुद्धाचे नाव घेणाऱ्या शाळेत बंदूकधारी बाहुल्या कशाला, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. हे शिपाई खेळावयास दिले जात नाहीत. समोर पेशव्यांच्या बाजूने लढलेले अरबही मांडतो, आणि तेही तेवढ्याच काळजीने रंगवितो. प्रत्येक ‘नाक’ शिपायाच्या तळाशी स्तंभावरचे एकेक नाव मूल स्वतःच्या अक्षरात लिहिते.

पहिल्या वर्षी आम्ही २२ च शिपाई केले होते. सातवीतील एका मुलीने विचारले, ‘सर, बाकीचे २७?’ ते अन्य समाजांतील, त्याच दिवशी पडलेले. यंदा तेही घडवावयास घेतले आहेत. एकोणीस वाळत आहेत. डोळ्यांचे काम बाकी आहे.