जुन्या मोटारीचे आयुष्य कोणी ठरवायचे?

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने अधिकृतपणे निरोप घेतला. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात अशा शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईतील टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे कायद्याच्या हिशेबाने तिचे आयुष्य सरले. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, आठवणी निघाल्या, पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. या स्मरणरंजनात एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. जिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, ती गाडी त्यानंतरही वीस-बावीस वर्षे, मुंबईच्या खड्ड्यांतून आणि पावसाळ्यांतून, भाड्याचे काम करीत धावली कशी?

तिला धावती ठेवली ती कारखान्याने नव्हे. ती धावत राहिली ती रस्त्याकडेच्या मिस्त्रीमुळे, लेथवर काम करणाऱ्या कारागिरामुळे आणि जुन्या बाजारातून नेमका भाग हुडकून आणणाऱ्या चालकामुळे. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आज जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण देशभर राबविले जात असताना त्याचा विचार होणे अगत्याचे आहे. कारण प्रश्न केवळ टॅक्सीचा नाही. पगारातून चार पैसे बाजूला टाकून दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी विकत घेणारा शिक्षक किंवा कारकून हाही याच व्यवस्थेच्या आधाराने मोटारमालक झालेला असतो.

थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरील ‘अकराशे डिलाइट’ ही गाडी तेथे १९६४ पासून तयार होऊ लागली. तीच पुढे सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवरील ॲम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत निघत राहिली. परवाना पद्धतीच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे आणि ग्राहकाला निवडीला जवळजवळ वावच नसे. या मक्तेदारीवर पुष्कळ टीका झाली व ती योग्यच होती. परंतु तिचा एक अनपेक्षित लाभही झाला. गाडीचा साचा दशकानुदशके फारसा बदललाच नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा दरवाजा, गिअरबॉक्स किंवा डायनॅमो आजच्या गाडीला थोड्या खटपटीने बसे. त्यामुळे प्रत्येक मोडीत निघालेली गाडी म्हणजे चालत्या गाड्यांसाठी सुट्या भागांची कोठीच झाली.

या व्यवस्थेत दोन प्रकारच्या विद्या होत्या, आणि त्यांतला भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिली विद्या म्हणजे अडल्या वेळची युक्ती. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलच्या नळीत वाफ धरून इंजिन बंद पडे. पेट्रोलचा पंप इंजिनाला लागूनच असल्याने तो तापे, नळीतले पेट्रोल उकळे, आणि पंप द्रवाऐवजी वाफच ओढू लागे. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे. वाफेचे पुन्हा पेट्रोल होई आणि गाडी चालू लागे. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली तर तीवर कपडे धुण्याचा साबण घासून बसवीत, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. रेडिएटर ठिबकू लागला तर त्यात मूठभर हळद टाकीत. हळदीचे कण पाण्यात फुगून सूक्ष्म छिद्रांत अडकतात आणि गळती थांबते. स्पार्क प्लगच्या दोन टोकांतले अंतर मोजायला पट्टी नसली तर हॅक्सॉच्या पात्याची जाडी प्रमाण मानीत. ती सुमारे ०.६ मिलिमीटर, म्हणजे प्लगला हव्या त्या अंतराच्या अगदी जवळ असते.

या युक्त्यांच्या मुळाशी अडाणी चातुर्य नसून पदार्थांच्या गुणधर्मांची पक्की जाण आहे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. पण त्यांचे कार्य गाडी घरापर्यंत पोहोचवण्याचे. रेडिएटरमध्ये टाकलेली हळद छिद्रांबरोबर त्याच्या अरुंद नळ्याही बुजवते. तिच्यावरच महिनोन्‌महिने गाडी चालवली तर इंजिन तापते, हेडचे पॅकिंग उडते, आणि शंभर रुपयांच्या डाखाच्या जागी हजारोंचा खर्च येतो.

दुसरी विद्या म्हणजे खरी दुरुस्ती. झिजलेल्या यंत्राला पुन्हा त्याच्या मापात आणणे, ही तिची सोपी व्याख्या. पिस्टन वर्षानुवर्षे वर-खाली होऊन सिलिंडर झिजतो. त्याचे गोल तोंड लंबगोल होते, इंजिन ऑइल पिते आणि धूर सोडते. मग ब्लॉक बोअरिंगला जातो. सिलिंडर किंचित मोठा कातून त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवतात. इंचाच्या हजाराव्या भागाला मिस्त्री ‘थाऊ’ म्हणतो. दहा, वीस, तीस थाऊ असे टप्पे घेत एकच ब्लॉक अनेकदा कातता येतो, आणि कातायला धातू उरला नाही की आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते. क्रँकची घासाई, क्लच प्लेटला आणि ब्रेकच्या शूला नवे लायनर रिव्हेट करणे, डायनॅमोचे वाइंडिंग नव्याने भरणे, ही सारी याच जातीची कामे. पॅकिंग बाजारात मिळत नसेल तर योग्य जाडीचा कागद धातूच्या तोंडावर ठेवून हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकीत जायचे; कडेच्या धारेनेच कागद कापला जातो आणि अचूक आकार हाती येतो. भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे काढून टाकण्यात आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजू लागण्याची भीती होती. तेथे कठीण धातूच्या बैठका बसवून देणारे कारागीर याच गल्ल्यांतून होते.

या दुरुस्तीला कच्चा माल पुरवतात ते जुने बाजार. मुंबईतील कुर्ला, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट आणि दिल्लीचे मायापुरी ही त्यांतली ठळक नावे. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे भंगाराचा ढीग दिसतो. जाणत्याला तेथे वर्गीकरण दिसते. एका दुकानात फक्त दिवे, दुसऱ्यात फक्त काचा, तिसऱ्यात गिअरबॉक्स. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मूळ कारखान्याचा भाग मिळतो, आणि तो पुष्कळदा बाजारातल्या नकली नव्या भागापेक्षा टिकाऊ असतो.

मात्र या बाजाराचे गुणगान डोळे मिटून करता येणार नाही. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या सुट्या करून विकल्या जातात, अशी वर्षानुवर्षे तक्रार होती. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजारच बंद पाडला. पावतीशिवाय घेतलेला स्वस्त भाग कोणाच्या तरी दाराशी उभ्या असलेल्या गाडीतून आला असू शकतो, याचे भान गिऱ्हाइकानेही ठेवले पाहिजे. दुसरी गोष्ट याहून गंभीर. जुना दरवाजा, काच, दिवा, आसन, डायनॅमो हे भाग खुशाल जुने घ्यावेत; ते निकामी झाले तर गैरसोय होते, जीव जात नाही. ब्रेकचे होज पाइप, ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे, टायर आणि सीटचे पट्टे यांच्या बाबतीत जुन्याचा मोह धरू नये. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या खाचा कोरून विकण्याचा व्यवहार किंवा घरगुती गॅसची टाकी गाडीत जोडून इंधनाचे पैसे वाचवण्याचा प्रकार यांना काटकसर म्हणता येत नाही. अलीकडे ‘जुगाड’ या शब्दाला जी प्रतिष्ठा मिळाली आहे, तिच्यामुळे ही सीमारेषा पुसट होत चालली आहे.

परदेशातही या विद्येचे एक मोठे उदाहरण आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने क्यूबावर व्यापारबंदी घातली आणि तेथे आधीच असलेल्या अमेरिकन मोटारींचे सुटे भाग येणे थांबले. क्यूबातील मिस्त्रींनी त्या गाड्यांत रशियन इंजिने बसवली, भाग स्वतः ओतले, आणि साठ-साठ वर्षे त्या चालत्या ठेवल्या. जगभरचे प्रवासी त्यांचे कौतुकाने फोटो काढतात; पण त्या गाड्यांचा काळा धूर श्वासात घेणाऱ्या हवानाच्या नागरिकाला तो छंद नव्हता, नाइलाज होता. दुरुस्ती ही निवड असावी, सक्ती नसावी, हा क्यूबाचा खरा धडा होय.

आपल्याकडे आज उलट दिशेची सक्ती येऊ पाहते आहे. नव्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो. बिघाड कोठे आहे हे कळण्यासाठी कंपनीचे तपासणी यंत्र लागते, आणि ते बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही. पूर्वी जेथे एक बुश बदलून भागे, तेथे आता अख्खा सीलबंद संच बदलावा लागतो. ही केवळ मिस्त्रींची कुरकुर नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो मूळ सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या कारणावरूनच. त्यावर पुढे अपिले झाली. पण दुखण्याचे निदान त्या आदेशाने स्पष्ट केले. केंद्र शासनाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस एक संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. मात्र संकेतस्थळावर माहिती देणे वेगळे आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला वाजवी दरात भाग मिळण्याची हमी देणे वेगळे.

दुसरीकडे वाहने मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. पंधरा वर्षांहून जुन्या खासगी मोटारीची फेरनोंदणी पूर्वी ६०० रुपयांत होई. १ एप्रिल २०२२ पासून तिला ५,००० रुपये पडू लागले, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा १०,००० करण्यात आला. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून ठरावीक वयावरील गाड्यांना इंधनच न देण्याचा हुकूम निघाला. अडचणी उभ्या राहताच काही दिवसांत तो थांबवावा लागला. यात भर पेट्रोलमधील इथेनॉलची. आपल्याच उसाच्या मळीतून निघणारे हे इंधन देशाच्या हिताचे असेलही. पण वीस टक्के मिश्रणाने जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पडदे खराब होऊ शकतात. अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या मोटारींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. तो बोजा उचलणार जुनी गाडी वापरणाराच.

धोरणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्ब्युरेटरवर चालणारी जुनी गाडी आजच्या गाडीच्या कितीतरी पट अधिक विषारी वायू सोडते. तिच्यात एअरबॅग नाही, अपघातात आघात शोषून घेणारी रचना नाही. शहराची हवा सर्वांची आहे, आणि एकाच्या काटकसरीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी मोजावी, हे न्यायाचे नाही. तेव्हा वाटेल ती गाडी वाटेल तितकी वर्षे चालू द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. म्हणणे इतकेच की निकष वयाचा नसून प्रकृतीचा असावा. महिन्याला शे-दोनशे किलोमीटर चालणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली शिक्षकाची गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर पिटाळलेली भाड्याची गाडी पंधराव्या वर्षी सारखीच म्हातारी झालेली नसते. धूर, ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाड्याचा गंज यांची कडक व प्रामाणिक तपासणी करावी. जी उतरेल ती काढावी, जी टिकेल तिला जबर शुल्काची शिक्षा देऊ नये. मात्र त्यासाठी चिरीमिरीवर मिळणारे धुराचे दाखले आधी बंद व्हावे लागतील.

जुन्या भागांच्या व्यापाराबाबत फ्रान्सचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. तेथे १ जानेवारी २०१७ पासून गॅरेजवाल्याने ग्राहकाला वापरलेल्या भागांचा पर्याय देणे कायद्याने आवश्यक आहे. पत्र्याचे भाग, काचा, दिवे, आतील सजावट इत्यादींना तो लागू आहे. ब्रेक, स्टिअरिंग यांसारखे जिवाशी संबंधित झिजणारे भाग त्यातून वगळलेले आहेत. आपल्या कुर्ल्याच्या चांगल्या मिस्त्रीने अनुभवाने आखलेली सीमारेषा तेथे कायद्यात लिहिली गेली आहे, एवढेच. मोडीत निघालेल्या गाडीचा क्रमांक प्रत्येक भागावर नोंदवून पावतीसह विक्री करण्याची सक्ती झाली तर चोरीला आळा बसेल, दुकानदाराला प्रतिष्ठा मिळेल आणि गिऱ्हाइकाला खात्री.

राहता राहिला मिस्त्री. त्याचे ज्ञान त्याच्या हातात आहे, आणि त्याचा मुलगा बहुधा ते शिकायला तयार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अशा वयस्क कारागिरांना मानधनावर बोलावून त्यांच्याकडून बोअरिंग, वाइंडिंग, पत्र्याचे काम शिकवून घेतले, आणि त्याच मुलांना नव्या तपासणी यंत्राचेही शिक्षण दिले, तर ही विद्या पुढच्या पिढीच्या गाड्यांनाही उपयोगी पडेल. विजेवर चालणारी मोटारही एक दिवस जुनी होणारच आहे. ती दुरुस्त करता येईल की फक्त फेकून देता येईल, याचा निर्णय आजच्या नियमांत होत आहे, आणि तो केवळ गाड्या विकणाऱ्यांच्या सल्ल्याने होऊ नये.