न आलेल्या उत्तरांचा हिशेब

वाणिज्य, व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, समाजकार्य यांपैकी कोणत्याही विषयातले चार-दोन प्रबंध चाळले, की ३८४ हा आकडा कुठे ना कुठे भेटतोच. 'नमुन्याचा आकार ३८४ निश्चित केला' असं एक वाक्य येतं आणि पुढच्या पानावर तक्ते सुरू होतात. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातून घेतला जातो. लोकसंख्या कितीही मोठी असली, तरी ३८४ जणांकडून मिळालेली टक्केवारी ९५ टक्के खात्रीने खऱ्या टक्केवारीच्या पाच अंश इकडेतिकडे असेल, असा त्याचा अर्थ. गणित बरोबर आहे, पण त्याला एक अट आहे. हे ३८४ जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन निवडलेले हवेत. आज बहुतेक विद्यार्थी गूगल फॉर्म तयार करतात, त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या आठ-दहा ग्रुपवर टाकतात, 'कृपया पुढे पाठवा' अशी विनंती करतात आणि ३८४ उत्तरं जमली की थांबतात. आकडा कोष्टकातला घेतला जातो, अट मात्र कोष्टकातच राहते. वेब सर्वेक्षणाची किंमत आलेल्या उत्तरांच्या संख्येवरून ठरत नाही, असं माझं म्हणणं आहे. उत्तर देण्याची संधी कोणाला होती आणि पडद्यावरचा प्रश्न वाचून माणसाला काय समजलं, या दोन गोष्टींवरून ती ठरते. या दोन्ही गोष्टी पहिलं उत्तर येण्याआधीच ठरून गेलेल्या असतात.

संख्या वाढवून प्रत्येक चूक भरून निघत नाही, हा धडा भारतीय संख्याशास्त्राने फार पूर्वी शेतात घेतला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या प्रयोगांवर काम करत होते. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून साऱ्या पिकाचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा भर लहान आकाराच्या अनेक तुकड्यांवर होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण साधं आहे. आखलेल्या रेषेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावं लागतं आणि हात बहुधा ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त आणि तितकी ही आगाऊ ताटंही जास्त. असे शंभराच्या जागी हजार तुकडे कापले, तर योगायोगाने होणारी चूक कमी होईल. पण प्रत्येक तुकड्यात एकाच बाजूला झुकणारी चूक तशीच राहील, आणि अंदाज चुकीच्याच आकड्यावर अधिकाधिक ठाम होत जाईल. वेब सर्वेक्षणातली कड म्हणजे लिंक दिसल्यावर ती उघडणारी माणसं.

याचा मोठा पुरावा २०२१ मध्ये अमेरिकेत मिळाला. कोविडची लस किती प्रौढांनी घेतली, हे तीन सर्वेक्षणं नियमितपणे मोजत होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा गट फेसबुकच्या वापरकर्त्यांना प्रश्न विचारत होता आणि त्याला दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं मिळत होती. जनगणना खात्याच्या ऑनलाइन सर्वेक्षणाला दर दोन आठवड्यांनी सुमारे ७५ हजार मिळत होती. अ‍ॅक्सिऑस-इप्सॉस यांचं तिसरं सर्वेक्षण जेमतेम हजार लोकांचं होतं. लसीच्या प्रत्यक्ष नोंदींचे आकडे सरकारी रोगनियंत्रण केंद्राकडे होते, त्यामुळे खरं-खोटं ताडून पाहता आलं. मे महिन्यात फेसबुकच्या सर्वेक्षणाने पहिला डोस घेतलेल्यांचं प्रमाण १७ अंशांनी जास्त दाखवलं, जनगणना खात्याने १४ अंशांनी. हजार लोकांचं सर्वेक्षण खऱ्या आकड्याच्या जवळ राहिलं. त्याने आपली माणसं काळजीपूर्वक निवडली होती आणि इंटरनेट नसलेल्यांनाही सामावून घेतलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस 'नेचर' या नियतकालिकात या तिन्हींची तपासणी प्रसिद्ध झाली. हार्वर्डचे शाओ-ली मेंग हे तिच्या लेखकांपैकी एक. अडीच लाख उत्तरांवर उभा असलेला अंदाज यादृच्छिकपणे निवडलेल्या अवघ्या दहा माणसांच्या अंदाजाइतकाच भरवशाचा असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दहा! हे पटायला जड जातं, म्हणून थोडं उलगडून पाहू. लस घेण्याची तयारी आणि सर्वेक्षण भरण्याची तयारी यांचा आपसात अगदी पुसट संबंध असला, तरी तो प्रत्येक उत्तराबरोबर आत येतो. सरकारी यंत्रणेवर, संशोधनावर ज्याचा विश्वास आहे, तो लसही घेतो आणि फॉर्मही भरतो. ज्याचा नाही, तो दोन्ही टाळतो. नमुना लहान असतो तेव्हा निदान आपण चुकीची शक्यता मोठी धरतो आणि जपून बोलतो. तो लाखांत गेला की ती शक्यता कागदावर शून्याजवळ येते आणि आत शिरलेला संबंध मात्र जागचा हलत नाही. इथे संशोधक एक आक्षेप घेतात. आलेल्या उत्तरांना वय, लिंग, शिक्षण यांनुसार भार देऊन तोल साधता येतोच की. येतो, पण काही अंशीच. फेसबुकच्या सर्वेक्षणात शिक्षण आणि वंश यांनुसार भार दिला नव्हता, हे खरं. जनगणना खात्याने तो दिला होता, तरीही अंदाज १४ अंशांनी चुकलाच. भार देताना आपण असं गृहीत धरतो, की फॉर्म भरणारी चाळिशीतली पदवीधर बाई फॉर्म न भरणाऱ्या चाळिशीतल्या पदवीधर बाईसारखाच विचार करते. ज्या विषयात फॉर्म न भरण्याचं कारणच उत्तराशी जोडलेलं असतं, तिथे हे गृहीतक कोसळतं.

आपल्याकडे ही कड किती रुंद आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या त्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी आणि पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. या पाहणीची सूत्रं मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात, आणि सहा लाखांवर घरांत माणसं पाठवून मिळवलेली ही माहिती आहे. लिंक पाठवून ती मिळालीच नसती. त्यानंतर फोन वाढले, स्वस्त डेटा गावोगाव पोहोचला, हे मान्य. पण घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं यांत अंतर आहे. एका फोनवर चौघांचं काम चालत असेल, तर लिंक कोणी उघडली आणि कोणाच्या वतीने भरली, हे फॉर्मला कळत नाही. टाळेबंदीच्या काळात मुलांना ऑनलाइन शिक्षण मिळतं का, हा प्रश्न ऑनलाइन फॉर्मवर विचारणं म्हणजे ज्यांची अडचण मोजायची, त्यांनाच दाराबाहेर ठेवणं होतं.

आता ज्यांनी लिंक उघडली, त्यांच्याकडे वळू. लॅपटॉपवर बनवलेल्या फॉर्ममध्ये दहा विधानांचा एक चौकट-तक्ता असतो. डावीकडे विधानं, वर 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच रकाने. हाच तक्ता फोनवर उघडला की पडद्यात दोन-तीनच रकाने मावतात. उरलेले पाहायला बोट आडवं सरकवावं लागतं आणि तसं सरकवता येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. मग दहाही विधानांना 'सहमत' मिळतं आणि अहवालात लिहिलं जातं, की प्रतिसादकांचा कल अनुकूल आहे. तो कल पडद्याच्या रुंदीचा असू शकतो. पडद्यावर आधी दिसणारे पर्याय जास्त निवडले जातात आणि खाली सरकवल्यावर दिसणारे मागे पडतात, हे सर्वेक्षणतज्ज्ञ मिक कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं आहे. तब्येतीबद्दलच्या प्रश्नाशेजारी धडधाकट बाईचं चित्र ठेवलं, तर आजारी बाईचं चित्र पाहणाऱ्यांपेक्षा लोक स्वतःची तब्येत कमी चांगली सांगतात, असंही त्यांना आढळलं. शोभेसाठी टाकलेलं चित्रही प्रश्नाचाच भाग होऊन बसतं.

पर्यायांची रचनाही अशीच बोलते. जर्मनीत नॉर्बर्ट श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रोज किती वेळ टीव्ही पाहता, एवढंच विचारलं होतं. एका गटाला दिलेले पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन 'अडीच तासांहून जास्त'वर संपत होते, दुसऱ्या गटाला दिलेले अडीच तासांपासून सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होते. अडीच तासांहून जास्त पाहतो म्हणणारे पहिल्या गटात सुमारे १६ टक्के निघाले, दुसऱ्यात ३७ टक्क्यांहून जास्त. माणसं खोटं बोलत नव्हती. आपण नेमका किती वेळ पाहतो हे कोणाच्याच ध्यानात नसतं, म्हणून ती पट्टीचा मधला भाग म्हणजे सर्वसाधारण माणूस असं धरून स्वतःची जागा शोधत होती.

मराठीत प्रश्न लिहिताना तर आणखी जपावं लागतं, आणि बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीतून उतरवलेल्या असल्यामुळे इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. 'ऑनलाइन तासाला लक्ष लागत नाही का?' या प्रश्नाला एक जण 'हो' म्हणतो तेव्हा त्याला 'हो, लागत नाही' म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या 'हो'चा अर्थ 'लागतं की' असा असतो. समोरासमोर हे आवाजावरून कळतं, फॉर्ममध्ये दोघेही एकाच रकान्यात पडतात. 'घरात किती माणसं?' हा प्रश्न सोपा वाटतो. पण पुण्याला नोकरी करणारा मुलगा धरायचा का? एकाच वाड्यात वेगळी चूल मांडलेले दीर-जाऊ धरायचे का? जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, अशी व्याख्या आहे आणि प्रगणक ती समजावून सांगतो. फॉर्मजवळ समजावणारं कोणी नसतं. 'तुम्ही काम करता का?' याला दिवसभर शेतात खुरपून, संध्याकाळी गोठा आवरणारी बाईही सहज 'नाही' असं उत्तर देते, कारण 'काम' म्हणजे पगाराचं काम असं तिने ऐकलेलं असतं. आणि 'शिक्षक वेळेवर येतात व नीट शिकवतात का?' असा दुहेरी प्रश्न विचारला, तर वेळेवर येऊन वाईट शिकवणाऱ्याचं काय करायचं?

या चुका शोधायला पैसा फारसा लागत नाही, बसायला वेळ लागतो. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, अशा आठ-दहा माणसांना फॉर्म त्यांच्याच फोनवर उघडून द्यावा आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत भरायला सांगावं. कुठे बोट थांबतं, कुठे कपाळाला आठी पडते, कोणता प्रश्न दोनदा वाचला जातो, ते नुसतं पाहावं. विद्यार्थी 'प्रायोगिक चाचणी घेतली' असं लिहितात, तेव्हा बहुधा तीस जणांना फॉर्म पाठवून, उत्तरं आपसात किती जुळतात ते मोजणारा क्रोनबाखचा अल्फा काढलेला असतो. सगळ्यांनी सगळे प्रश्न सारखेच चुकीचे समजून घेतले, तरीही तो अल्फा उत्तम येऊ शकतो. पुढे फॉर्म खुला केल्यावर कोणी किती मिनिटांत भरला आणि कोणत्या प्रश्नावर माणसं सोडून गेली, तेही तपासावं. बक्षीस ठेवलं असेल तर जास्तच. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने स्वेच्छेने भरल्या जाणाऱ्या एका ऑनलाइन पाहणीत 'अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का?' अशा धर्तीचा प्रश्न टाकला, तर तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी 'आहे' म्हणून सांगितलं. कोणीही येऊन भरावं अशा फॉर्ममध्ये एखादी विरळा गोष्ट मोजायला गेलं, की असला बेफिकीर 'हो' त्या गोष्टीला गिळून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, की घरोघर जाऊन केलेल्या पाहण्या तरी कुठे निर्दोष असतात? प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून माणूस उत्तर बदलतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचीच साक्ष देतो. परीक्षेत मिळालेल्या खराब श्रेणींबद्दल फोनवर विचारलं तेव्हा त्या जास्त लपवल्या गेल्या, वेबवर जास्त प्रामाणिकपणे सांगितल्या गेल्या, आणि विद्यापीठाच्या नोंदींशी ताडून हे सिद्ध झालं. नापास होणं, कर्ज, दारू, घरातली मारहाण यांबद्दल बोलायला पडदा बरा. मग चांगली माणसं निवडायची आणि त्यांना पडद्यावर विचारायचं, हे दोन्ही एकत्र करता येतं. नेदरलँड्समध्ये २००७ पासून चालणाऱ्या लिस पॅनेलने लोकसंख्येच्या नोंदवहीतून घरं यादृच्छिकपणे निवडली आणि ज्यांच्याकडे संगणक किंवा इंटरनेट नव्हतं, त्यांना ते पुरवलं.

एवढा खर्च एम.ए.च्या विद्यार्थ्याला झेपणार नाही, हे उघड आहे. पण प्रश्नाचा आवाका आवरता येतो. 'महाराष्ट्रातील युवकांचा दृष्टिकोन' असं शीर्षक न घेता एका महाविद्यालयाची पूर्ण यादी मिळवावी. समजा, त्यात दोन हजार नावं आहेत. त्यातून दोनशे नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत, प्रत्येकाला स्वतंत्र लिंक पाठवावी, ज्यांच्याकडे डेटा नाही त्यांना ग्रंथालयातल्या संगणकावर बसवावं आणि उत्तर न देणाऱ्यांना आठवण करावी. यातून एकशे चाळीस उत्तरं आली, तर साठ आली नाहीत हे ठाऊक असतं, आणि ती कोणत्या शाखेची, कोणत्या वर्षाची हेही यादीवरून कळतं. ग्रुपवर फिरलेल्या लिंकला चौदाशे उत्तरं आली, तरी ती लिंक किती जणांनी पाहून सोडली याचा पत्ता लागत नाही. गुंथर आयझेनबाख यांनी २००४ मध्ये वेब सर्वेक्षणांच्या अहवालासाठी जी तपासयादी मांडली, तिच्यात हेच विचारलं आहे. फॉर्म किती जणांनी पाहिला, किती जणांनी सुरू केला, किती जणांनी पुरा केला, एकाच माणसाने दोनदा भरू नये म्हणून काय केलं. मार्गदर्शकांनी तक्त्यांआधी या चार गोष्टी मागाव्यात.

त्या साठ जणांबद्दल थोडा अंदाजही बांधता येतो. पहिल्याच निरोपाला उत्तर देणारे एकीकडे ठेवावेत आणि दोन-तीनदा आठवण केल्यावर उत्तर देणारे दुसरीकडे. उशिरा आलेली उत्तरं आधीच्या उत्तरांहून सरळसरळ वेगळ्या दिशेला जात असतील, तर न आलेली उत्तरं त्याच दिशेला आणखी पुढे असण्याची शक्यता बरीच. हा पुरावा पक्का नाही, पण तक्त्याखाली एका ओळीत तो लिहिता येतो आणि वाचणाऱ्याला आपला विश्वास कुठवर न्यायचा ते स्वतः ठरवता येतं.